गाठ सोडण्याआधी

आईचे मामा मोडीवाचक होते. घरात सगळे त्यांना मामाआजोबा म्हणत. ते आणि माझी आजी ही वाईजवळच्या कृष्णाकाठच्या एका खेड्यातली भावंडं. दोघांनाही बोलायची हौस होती, पण तऱ्हा वेगळ्या. आजीच्या गोष्टीत माणसं असत, मामाआजोबांच्या गोष्टीत कागद. रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांची गोष्ट निघाली की ते आधी विचारत, "गाठ कुणी बांधली होती ते बघितलंस का?" कागदात काय लिहिलंय ही गोष्ट त्यांच्या लेखी नंतरची.

आता कागदांच्या जगातल्या लोकांशी थोडीफार ऊठबस झाल्यावर मला वाटतं, या माणसानं इतिहासातली एक मोठी गोष्ट आम्हाला फार लहानपणी सांगून ठेवली होती. कागद जपणं म्हणजे त्याचं शेजारपण जपणं. पत्र फाटलं तर चिकटवता येतं, वाळवी लागली तर उरलेलं वाचता येतं, पण ते ज्या कागदांच्या मध्ये होतं त्यांच्यातून उपटून काढलं तर त्याची निम्मी साक्ष जाते आणि ती पुन्हा मिळत नाही.

त्याला कारणही आहे. पेशवाईतल्या कितीतरी खासगी पत्रांवर साल नसतं. 'छ'च्या पुढे चंद्राचा आकडा, मग मुसलमानी महिना, 'बहुत काय लिहिणे हे विनंती' आणि संपलं पत्र. ज्याला लिहिलं त्याला साल ठाऊकच होतं. सरकारी कागदावर अरबी शब्दांत साल मिळतं, 'अर्बा सितैन मया व अलफ' असं. म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६४. त्यात ५९९ मिळवले की १७६३ येतं आणि हे वर्ष मृगापासून सुरू होतं. मामाआजोबा असे हिशेब जेवताना तोंडी करत. पण बिनसालाच्या पत्राला हा हिशेब चालत नाही. तिथं वरचा कागद आणि खालचा कागद बघावा लागतो. वरच्यात कुणाच्या लग्नाचा उल्लेख, खालच्यात कुठल्या किल्ल्याचा वेढा, त्यावरून मधल्याचं साल ठरतं. कुणी हौसेनं 'महत्त्वाची' पत्रं वेगळी काढून ठेवली की ती कायमची पोरकी झाली.

मामाआजोबांनी हे एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. ठिकाणाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एका संग्रहातून प्रदर्शनासाठी थोरामोठ्यांच्या हातची पत्रं काढली गेली. जिथून काढली तिथं खूणचिठ्ठी ठेवली नाही. प्रदर्शन थाटात पार पडलं. पत्रं परत आली तेव्हा ती कुठल्या रुमालातली हे कुणालाच सांगता येईना, म्हणून 'निवडक' असा नवा रुमाल बांधून त्यात घातली. "ती पत्रं आजही शाबूत असतील," मामाआजोबा म्हणत, "पण आता ती बोलत नाहीत." त्यांच्या बोलण्यात राग नसे. घरातलं माणूस गेल्यासारखं ते सांगत.

त्यांचा पुण्यातला सुरुवातीचा काळ येरवड्याला जाण्यायेण्यात गेला. पेठेतून सायकलवरून निघायचं, बंडगार्डनचा पूल ओलांडायचा आणि डेक्कन कॉलेजच्या त्या दगडी इमारतीत जाऊन मोडी कागदांच्या बाळबोध नकला करायच्या. कामाचे पैसे पानावर मिळत. त्यामुळे मला डेक्कन कॉलेज पहिल्यांदा समजलं ते टिळक-आगरकरांचं कॉलेज म्हणून नाही, तर 'मामाआजोबांच्या नकलांचं' म्हणून. पुढे मी त्या संस्थेची कहाणी वाचली आणि जाणवलं की कागद कसे येतात, कसे जातात आणि जाताना मागे काय ठेवतात, हे शिकायला महाराष्ट्रात याच्यापेक्षा चांगली जागा नाही.

ही कहाणी सुरू होते ती पर्वतीच्या रमण्यात. श्रावणात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, लांबलांबून लोक येत. राज्य गेलं, पण दक्षिणेचा खर्च एकदम बंद करणं इंग्रजांना धोक्याचं वाटलं. त्यातला पैसा वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता आणि दख्खनचा कमिशनर होता चॅप्लिन. ही पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली गेली आणि 'पूना कॉलेज' झालं. १५ ऑक्टोबर १८६४ रोजी सर बार्टल फ्रियर यांनी येरवड्याच्या इमारतीची कोनशिला बसवली, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले, नाव 'डेक्कन कॉलेज' पडलं, आणि १८६८ च्या मार्चात कॉलेज गाव सोडून नदीपलीकडे गेलं.

दक्षिणेचा पैसा कुणापर्यंत पोचला आणि कुणापर्यंत पोचला नाही, हेही इथंच बोललं पाहिजे. पाठशाळा सुरुवातीला ब्राह्मण मुलांसाठीच होती. त्याच विश्रामबागवाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शाळा चालवल्याबद्दल सत्कार झाला. एकाच वाड्याच्या भिंतींनी दोन्ही पाहिलं. रमण्याच्या हिशेबात शास्त्र्यांची नावं नीट उतरलेली असतात. वाड्यात पाणी भरणाऱ्याचं, झाडणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नुसत्या तैनातीच्या आकड्यात लपलेलं असतं. दफ्तर किती मोठं आहे यावरून ते किती लोकांचं आहे हे ठरत नाही. मामाआजोबा हे असं म्हणाले नसते. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

कॉलेज येरवड्याला गेलं त्याला अकरा वर्षं झाली आणि १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात मोठी आग लागली. बुधवारवाडा जळून गेला, त्यातलं ग्रंथालयही गेलं. विश्रामबागवाड्यालाही झळ बसली. आजीनं ही आग अर्थातच पाहिलेली नव्हती, पण तिच्या सासूच्या तोंडून तिनं ती ऐकली होती, आणि सासूनं तिच्या सासूच्या. सांगताना आजी रात्रीच्या उजेडाचं वर्णन असं करी की आम्हाला वाटे ती गच्चीवर उभी होती. मामाआजोबा मध्येच म्हणत, "विश्रामबागवाड्यातल्या पोथ्या आधीच हलल्या होत्या, अक्का, ते सांग ना."

त्या पोथ्यांचं पुढं जे झालं ते मला फार आवडतं. मुंबई सरकारनं १८६६ पासून जुन्या हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध सुरू केला होता. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन अशा विद्वानांनी गुजरात, राजपुताना, मराठी मुलूख पालथा घातला. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरला गेला आणि तिथून भूर्जपत्रावरच्या पोथ्या घेऊन आला. हा सगळा संग्रह पुढे डेक्कन कॉलेजात, वाड्यातल्या पोथ्यांच्या जोडीला आला. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी हा संग्रह, जवळजवळ वीस हजार पोथ्यांचा, कॉलेजातून तिकडे गेला. एवढा मोठा ठेवा एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा नव्या घरच्या माणसांना सगळं नव्यानं लावायचा मोह होतो. सगळी वेदांची एकत्र, सगळी काव्याची एकत्र, आणि एक ते वीस हजार असे सरळ आकडे. तसं झालं नाही. विषयवार सूच्या झाल्या, छापल्याही गेल्या, पण पोथीचा क्रमांक जुनाच राहिला. अमुक आकडा, 'सन १८७५-७६ चा'. म्हणजे पोथी कुठल्या वर्षीच्या शोधात मिळाली ते तिच्या नावातच आहे. आणि विश्रामबागवाड्यातल्या जुन्या पोथ्यांच्या क्रमांकापुढं आजही 'विश्राम' असा शब्द लागतो. वाड्याला आग लागली, कॉलेज तिथून गेलं, पोथ्या दोनदा घर बदलून गेल्या, तरी पत्ता शाबूत. कुणा विद्वानाच्या भाष्यापेक्षा हे काम मला तसूभरही लहान वाटत नाही. त्या क्रमांकांशी इमान राखणारे बहुतेक हात निनावी आहेत.

आजीच्या माहेरपासून मेणवली जवळच. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. लहानपणी ही भावंडं घंटा बघायला जात. वाड्याबद्दल गावात आदर होता, थोडी भीतीही होती, आणि 'आत कागद आहेत' ही कुजबुज होती. खेड्यातल्या माणसाला कागद म्हणजे जमिनीचा कागद. नानांच्या वाड्यात कुणाच्या इनामाचा, कुणाच्या वतनाचा निवाडा पडून आहे, तो सापडला तर आपलं शेत परत मिळेल, अशी आशा कित्येक घरांत होती म्हणे. आजीच्या आजोबांनाही ती होती. शेत काही मिळालं नाही.

नाना गेले १८०० मध्ये. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीला राहिल्या, नानांचं खासगी दफ्तर तिथंच राहिलं. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवलं आणि साताऱ्याला आपल्या ऐतिहासिक संग्रहालयात ठेवलं. पारसनिसांची आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांची तऱ्हा अगदी वेगळी. राजवाडे डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी. वाईत मिळालेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला आणि मग उभं आयुष्य गावोगाव दफ्तरं हुडकण्यात घालवलं. पारसनीस राजदरबारात ये-जा असणारे, संग्रह करणारे, चित्रं-नाणी-पत्रं सगळं जमवणारे. आमच्या घरात आजीचा कल पारसनिसांकडे, 'त्यांनी वाचवलं म्हणून वाचलं' असं ती म्हणायची. मामाआजोबा राजवाड्यांचे. मला दोघांचंही पटतं. त्या काळी वाण्याच्या दुकानात मोडी कागदाच्या पुड्या बांधल्या जात होत्या. अशा वेळी जो पोचला तो देवासारखा.

पारसनीस १९२६ मध्ये गेले. इकडे डेक्कन कॉलेज काटकसरीच्या नावाखाली सरकारनं १९३४ मध्ये बंद केलं. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत, कोर्टात गेले. देणगी शिक्षणासाठी दिली होती, ती तशीच वापरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडलं ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. सांकळिया, इरावतीबाई कर्वे, कत्रे अशी माणसं आली. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर आले आणि साताऱ्याचा पारसनीस संग्रह, मेणवली दफ्तरासकट, येरवड्याला आला. दक्षिणेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेत पेशव्यांच्या फडणिसाचे कागद राहायला आले. मामाआजोबा त्याच कागदांच्या मागोमाग वाईहून पुण्याला आलो असं सांगत. खरं म्हणजे ते पोटासाठी आले होते, पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजनंच छापलं. मेणवली दफ्तरातल्या नागपूरकर भोसल्यांविषयीच्या पत्रांचे दोन खंडही त्यांनी संपादित केले, त्यातला पहिला १९५४ चा. पुस्तकावर संपादकाचं नाव असतं, ते रास्तच आहे. पण ती पत्रं रुमालातून निघून छापखान्यात कशी जातात, हे मामाआजोबांकडून ऐकावं.

रुमाल म्हणजे खारव्याचं जाड तांबडं फडकं. त्यात पुडकी, पुडक्यात बंद. लांब कागदाला कागद चिकटवून बंद वाढवलेला, आणि प्रत्येक सांध्यावर शिक्का, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. गाठ सोडायच्या आधी वरची यादी वाचायची. यादी नसेल तर गाठीचा प्रकार, फडक्यावरचा डाग, जे दिसेल ते टिपायचं. मग पुडकं काढायचं आणि त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची. कोणी काढलं, कधी, कशासाठी. बंद उलगडताना घडीवर बोट फिरवायचं नाही, दोन्ही टोकं धरून जमिनीवर आपोआप उलगडू द्यायचा. वाचताना पेन जवळ नको, शिसपेन. नक्कल करताना मूळ चूकही चूक म्हणूनच उतरवायची. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे नाहीत. अडलेला शब्द अंदाजानं भरायचा नाही, तिथं टिंबं द्यायची. संध्याकाळी नकलेचा मूळ कागदाशी मेळ घालायचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. मग बंद पुन्हा त्याच घडीनं, त्याच जागी. वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा पाला, आणि गाठ.

चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालत, किडीसाठी. काजळाची शाई दोनअडीचशे वर्षांनी काळीभोर राहते आणि साहेबाच्या कचेरीतली लोखंडी शाई शंभर वर्षांत कागदाला भोकं पाडते, हेही त्यांनीच दाखवलं होतं. आमच्या घरातले दोन कागद त्यांनी शेजारी ठेवले होते, एक पणजोबांच्या सावकारीचा आणि एक कोर्टाच्या हुकुमाचा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आजीच्या पुण्यातल्या नदीकाठच्या घरात पाणी शिरलं आणि ते दोन्ही गेले. पुण्यातल्या कितीतरी घरांनी त्या दिवशी आपलं लहानसं दफ्तर नदीला दिलं. मोठ्या दफ्तराची नोंद असते. या घरगुती ट्रंकांची कुठेच नाही.

पेशव्यांचं हुजूर दफ्तर मेणवलीच्या दफ्तराहून कितीतरी मोठं. पुण्याच्या पुराभिलेखागाराच्या इमारतीत ते १८९१ पासून आहे. पेशवाईत त्याचे 'चालते' आणि 'एकबेरीज' असे भाग होते. चालत्यात रोजचा व्यवहार, एकबेरजेत सगळ्या खात्यांचे आलेले हिशेब जमवून वर्षाचा जमाखर्च. या वर्षाच्या गोषवाऱ्याला 'तर्जुमा' म्हणत. नानांच्या काळात हे काम इतकं चोख होतं की कुठलाही जुना आकडा मागितला की निघे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ढिलाई आली. पुढं इंग्रजांच्या इनाम कमिशननं हेच दफ्तर उलथंपालथं केलं, कारण त्यांना इनामं तपासायची होती. त्यांच्या कामाला सोयीची म्हणून जिल्हावार मांडणी झाली, खासगी घराण्यांचे कागदही त्यात येऊन पडले. कागद सुरक्षित राहिले, पण फडावरचा कारकून कुठं बसून काय लिहीत होता तो माग पुसट झाला. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्याचे पंचेचाळीस खंड निघाले आणि आपल्याला त्या अरण्यात वाट सापडली. त्याआधी गणेश चिमणाजी वाडांनी रोजनिशांतून उतारे काढून ठेवले होते. त्या वाडांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

डेक्कन कॉलेजात आणखी एक दालन आहे, तिथं मोडी नाही आणि रुमालही नाहीत. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतचा ऐतिहासिक कोश हाती घेतला. ऋग्वेदापासून 'हास्यार्णवा'पर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. एक शब्द, त्याचं वाक्य, ग्रंथ, स्थळ. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या खणांत आहेत. पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. काही जणांना हा वेळ फार वाटतो. मला वाटत नाही. मामाआजोबा म्हणत, नक्कल करणाऱ्यानं घाई केली की पुढच्या शंभर जणांचा वेळ जातो. चिठ्ठी चुकीच्या खणात पडली तर तो शब्द त्या ग्रंथात नाहीच असं विद्वान म्हणणार, आणि ते खरं मानलं जाणार.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मनात येतं ते आजच्या कॉलेजांचं. महाराष्ट्रातली कितीतरी महाविद्यालयं पन्नाशी-पंचाहत्तरी-शंभरी पार करून गेली. स्मरणिका निघतात, त्यात संस्थापकांचे फोटो असतात. पण प्रवेशाची जनरल रजिस्टरं, वसतिगृहाच्या खानावळीचे हिशेब, प्राध्यापकसभेची इतिवृत्तं, परीक्षेच्या जागांचे नकाशे, हे सगळं जिन्याखाली. सरकारी रीतीनं कागदाचे वर्ग पडतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'ड' वर्षाचा. रोजच्या कामाला ही रीत हवीच, नाहीतर कचेरीत बसायला जागा राहणार नाही. पण ती कामाची मुदत सांगते. इतिहासाला कुठला कागद लागेल हे तिला विचारलेलंच नसतं. मेणवलीच्या दफ्तरात धोब्याचे आणि मुदपाकाचे हिशेब कुणी 'ड' म्हणून जाळले असते तर?

माझी एक भाचेसून तालुक्याच्या गावच्या कॉलेजात कारकून आहे. नॅकची समिती येणार म्हणून जिन्याखालची खोली मोकळी करायचं ठरलं, रद्दीवाला बोलावला गेला. तिनं मला फोन केला. "मावशी, यातलं काय ठेवायचं?" मी म्हटलं, आत्ता काही निवडू नकोस. आधी खोलीचा फोटो काढ, कपाटं आणि खण जसे आहेत तसे. मग वरपासून खालपर्यंत यादी कर, जागेसकट. निवडायचं काम यादीनंतर. तिनं तसं केलं. रद्दीवाला रिकाम्या हातानं गेला, प्राचार्य थोडे नाराज झाले, पण त्यांनी यादी वाचली. त्यात खानावळीच्या नोकरांची पगारपत्रकं निघाली आहेत, कॉलेज सुरू झालं तेव्हापासूनची. स्वयंपाकीण, पाणक्या, रात्रीचा राखणदार. नाव कारकुनाच्या अक्षरात आणि पुढे अंगठा. मुदतीप्रमाणे ती कधीच नष्ट व्हायला हवी होती. ती 'अ' वर्गात घ्यावीत, असं टिपण भाचेसुनेनं प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं आहे. संस्थेच्या बैठकीत ते अजून यायचं आहे.